सखारामची जागा

दोर सैल पडला तेव्हा मी गोदावरीच्या काठावर छत्री धरून उभी होते. आधी वाटलं, जाळं तळाशी कशात तरी अडकलं असेल. पण अडकलेल्या जाळ्याचा दोर ताणतो, सैल पडत नाही. इथे एका रांगेतल्या सगळ्या माणसांनी एकाच वेळी हात थांबवले होते. रांगेच्या मध्ये एकच माणूस अजून ओढत होता. ते आमचे मेहरा साहेब, दिल्ली ऑफिसमधून मॉनिटरिंगसाठी आलेले. बूट काठावर काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते चिखलात उतरले होते.

"क्या हुआ? खींचो भाई," ते म्हणाले.

जाळ्याची ओढ चालवणारे म्हातारे दगडूबा यांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. काठावर टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांमधली एक उठून उभी राहिली.

ईशान, तू मागच्या रविवारी फोनवर विचारलंस, "आजी, परभणीला समुद्रच नाही, मग तू फिशरीजचं काम कुठे करत होतीस?" आणि अनन्या, तू मागून हसलीस. त्याचं उत्तर फोनवर देण्याजोगं नव्हतं, म्हणून लिहून पाठवते आहे. क्रमाने सांगते.

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं खरोखरच समुद्रकाठी गेली. समुद्राची मोठी लाट येऊन गेल्यावर पूर्व किनाऱ्यावरची मासेमारी परदेशी मदतीतून पुन्हा उभी करायचं काम चाललं होतं. त्यात मी होते. निवृत्त झाल्यावर परभणीच्या घरी आले. आजोबा विद्यापीठात असताना बांधलेलं हे घर तुम्हाला माहीत आहे. आता बागेत चार झाडं लावावीत, वाचन करावं, असं ठरवलं होतं. मग एका पावसाळ्यात गोदावरीला मोठा पूर आला.

सोनपेठच्या बाजूला नदीकाठी एक गाव आहे. तिथली भोई समाजाची घरं पिढ्यान्‌पिढ्या नदीतल्या मासळीवर जगतात. पुरात त्यांचे तराफे गेले, मोठं जाळं गेलं आणि ते जाळं सोडवायला पाण्यात उतरलेला सखारामही गेला. त्याच्यामागे बायको राहीबाई आणि दोन मुली होत्या.

किनाऱ्यावर काम केलेल्या त्याच संस्थेने इथेही मदत द्यायचं ठरवलं. तिथल्या कुणाला तरी आठवलं की आपल्या एक जुन्या मॅडम परभणीला राहतात. अशी मी पुन्हा कामाला लागले, सल्लागार म्हणून.

मदतीच्या कामात टेम्प्लेट नावाची एक गोष्ट असते. टेम्प्लेट म्हणजे साचा. एका ठिकाणी काम झालं की त्याची योजना जपून ठेवतात आणि दुसऱ्या ठिकाणी तीच लावतात. वेळ वाचतो. आमच्याकडे आलेला साचा समुद्रकिनाऱ्याचा होता. त्यातला 'कोस्टल' हा शब्द खोडून 'रिव्हराइन' घातला होता. एका पानावर खोडायचा राहून गेला होता. योजना साधी होती. प्रत्येक बेनिफिशियरीला, म्हणजे मदत घेणाऱ्याला, एक फायबरची नाव आणि एक तंगूसचं जाळं. तंगूस म्हणजे पतंगाच्या मांज्यासारखा बारीक नायलॉनचा धागा. त्याचं जाळं एकट्या माणसाला लावता येतं. आणि विधवांसाठी शिलाई मशीन.

ही योजना किनाऱ्यावर लागू झाल्यावर काय झालं ते मी पाहिलं होतं. पूर्वी एका बोटीवर चारपाच माणसं जायची, मासळी वाटून घ्यायची. प्रत्येकाला स्वतःची बोट मिळाली आणि दुसऱ्याच्या बोटीवर जायला माणूस उरला नाही. म्हातारे, विधवा, ज्यांना पूर्वी त्या वाट्यातून काही मिळायचं, ते बाहेर पडले. बऱ्याच बोटी वाळूवर पालथ्या पडून राहिल्या. त्यांच्या सावलीत कोंबड्या बसायच्या.

हे मी गावच्या समाजमंदिरातल्या मीटिंगमध्ये सांगितलं. समोर सोसायटीचे सभासद होते. सोसायटी म्हणजे मच्छीमारांची सहकारी संस्था. तिचा चेअरमन गंगाधर, चाळिशीतला, हुशार आणि स्पष्ट बोलणारा माणूस.

"मॅडम, तुमी समुद्राचं सांगायलाव," तो म्हणाला. "आमच्याकडं समुद्र कुठं हाय?"

"माणसं तर सारखीच आहेत ना?"

"कशाची सारखी?" मागून कुणीतरी बोललं. "तिथली पोहतेत. आमी निसतं बुडतो."

सगळे हसले. मग दाराशी बसलेली राहीबाई त्यांना दिसली आणि हसणं एकदम थांबलं. बोलणारा उठून बाहेर गेला.

गंगाधरने विषय पुढे नेला. "ज्याची त्याची नाव आसली तर तंटा न्हाई. एक जण आळस करतो आन् वाटा बराबरीचा नेतो, ही कटकट मिटंल. पोरं पुण्याला जायलेत, ती तरी थांबतील."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तुम्हाला वाटेल की आजी विरुद्ध गंगाधर अशी ही गोष्ट आहे. तसं नाही. गावातल्या तरुणांना नाव हवी होती आणि ती मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता.

मीटिंग संपल्यावर राहीबाई माझ्याबरोबर गाडीपर्यंत चालत आली.

"बाई, माज्या नावावर मशीन हाय म्हणतेत. खरं का?"

"हो. शिलाई मशीन."

"मला शिवता येत न्हाई. मासळी इकता येती. सोनपेठच्या बाजारात माजी बसायची जागा ठरलेली हाय." मग ती म्हणाली, "मला मशीन नगं, नाव बी नगं. माजा वाटा तेवढा चालू ऱ्हाऊ द्या."

कसला वाटा, ते तिनेच मला समजावलं. गावात पूर्वीपासून मोठ्या ओढजाळ्याने मासे धरतात. सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचं आणि काठावर मासळीचे सारखे वाटे करायचे. दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा एक वाटा, जाळ्याचा एक. दोरावरचा माणूस मेला तरी त्याचा वाटा बंद होत नाही. तो त्याच्या घरी जातो. पुरानंतर शेजारच्या गावाचं जाळं मागून आणून ओढ पुन्हा सुरू झाली होती आणि सखारामचा वाटा राहीबाईच्या टोपलीत पडत होता. त्यावर तिचं घर चाललं होतं. मुली शिकत होत्या.

म्हणजे घरटी एक नाव आली की ओढ संपणार. ओढ संपली की वाटे संपणार. मग सखारामचा वाटा कुठून येणार? आमच्या साच्यात राहीबाईला एक मशीन मिळत होतं आणि तिची भाकरी जात होती.

मी दिल्लीला फोन केला. मंजुरी मेहरा साहेबांच्या रिपोर्टवर होती. "निर्णयाआधी एक ओढ डोळ्यांनी बघा," एवढंच मी म्हटलं. ते आले. मेहरा साहेब सज्जन माणूस. ऑफिसात बसून सह्या करणाऱ्यांपैकी नव्हते. कुठेही गेले की लोकांबरोबर जमिनीवर बसायचे, त्यांच्या कामाला हात लावायचे. नदीकाठी आल्या आल्या त्यांनी दगडूबांना वाकून नमस्कार केला.

आता ओढ कशी असते ते सांगते. जाळ्याचं एक टोक काठावर धरतात. बाकीचं जाळं तराफ्यावरून पाण्यात अर्धगोल सोडत नेतात आणि दुसरं टोक थोड्या अंतरावर पुन्हा काठाला आणतात. मग दोन्ही टोकांच्या दोरांवर माणसांच्या दोन रांगा लागतात. जाळ्याच्या खालच्या दोराला शिशाच्या गोळ्या असतात, त्यामुळे तो तळाला घासत येतो. दोन्ही रांगांनी सारख्या वेगाने ओढावं लागतं. एक रांग थांबली की खालचा दोर उचलला जातो आणि मासे खालून निसटतात.

ओढ निम्म्यावर आली होती. मेहरा साहेब माझ्या शेजारी उभे होते. जवळच्या रांगेत मारुती नावाचा माणूस आणि त्याच्या मागचा माणूस यांच्यामध्ये एक हातभर जास्त अंतर होतं. मला ते दिसलं नाही, साहेबांना दिसलं.

"मॅडम, यहाँ एक आदमी कम है," ते म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत बूट काढून त्या जागी जाऊन उभे राहिले.

दोर सैल पडला तो तेव्हा. उठून उभी राहिलेली बाई राहीबाई होती.

थोड्या वेळाने दगडूबांनी मुंडासं पुन्हा डोक्याला गुंडाळलं. "ओढा," ते म्हणाले. "आता धरलाच हाय तर ओढा."

जाळं बाहेर आलं. रहू होते, कटला होते, एक लांब वाम होती. पण मासळी कमी होती, खालून बरीच गेली होती. ओल्या वाळूवर वाटे पडले. वाटे कुणाला कुठला, हे ठरवायची तिथली पद्धत अशी. दगडूबा वाट्यांकडे पाठ करून नदीकडे तोंड करून उभे राहतात. गंगाधर हातातली काठी एका वाट्यावर टेकवून विचारतो, "ह्यो कुणाचा?" दगडूबा न बघता एक नाव घेतात. म्हणजे मोठा वाटा कुणाला दिला, लहान कुणाला दिला, अशी तक्रार राहत नाही.

"ह्यो कुणाचा?"

"जाळ्याचा."

"ह्यो?"

"मारुतीचा."

अशी नावं होत गेली. राहीबाईने टोपली पुढे सरकवली होती. गंगाधरची काठी पुढच्या वाट्यावर आली.

"साहेबाचा," दगडूबा म्हणाले.

राहीबाईने टोपली मागे ओढून घेतली.

मेहरा साहेबांना अर्थ कळला नाही, पण आपल्याला वाटा दिला एवढं कळलं. ते खूश झाले. "मेरा? अरे, मैं तो शाकाहारी हूँ," ते हसून म्हणाले. त्यांच्याबरोबर कुणी हसलं नाही. बाकीचे वाटे झाले. सखारामचं नाव आलंच नाही.

मी दगडूबांकडे गेले. "बा, राहीबाईचा वाटा?"

"जागा भरली ना, ताई." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "गेलेल्या माणसाची दोरावरची जागा आमी रिकामी ठिवतो. ती रिकामी हाय तवर वाटा त्याच्या घरचा. भाऊ न्हाईतर लेक येऊन तिथं हुबा ऱ्हायला, की वाटा त्याचा आन् घराचा जिम्मा बी त्याचा. सखारामला भाऊ न्हाई, लेक न्हाई. म्हणून जागा रिकामी व्हती."

"पण साहेब पाहुणे आहेत. त्यांना हे माहीत नव्हतं."

"दोराला काय मालूम, पाव्हणा का घरचा?"

राहीबाईने मला वाटा सांगितला होता. जागेचं सांगितलं नव्हतं. तिच्या दृष्टीने ती सांगायची गोष्टच नव्हती. आपल्याकडे कुणी आलं तर आपण त्याला, मेलेल्या माणसाच्या फोटोवर पाय देऊ नका, असं मुद्दाम सांगतो का?

मी साहेबांना बाजूला घेऊन इंग्रजीत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. मग ते सरळ त्या वाट्याकडे गेले. आयुष्यात कधी मासा न शिवलेल्या त्या माणसाने दोन्ही हातांत मावतील तेवढे मासे उचलले आणि ते राहीबाईसमोर जाऊन उभे राहिले.

"बहनजी, ये आपका है. मुझसे गलती हुई."

तिने टोपली पुढे केली नाही. "त्येंना सांगा बाई, मी मागायला आले न्हाई," ती मला म्हणाली. "मालकाचा वाटा व्हता म्हणून घेत व्हते. कुणी दिलेलं घ्यायचं आसतं तर देवळाम्होरं बसले आसते."

मी ते शब्द जसेच्या तसे साहेबांना सांगितले. ते मासे हातात घेऊन तसेच उभे राहिले. कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"तो मैं जगह छोड़ता हूँ," ते शेवटी दगडूबांना म्हणाले. "समझिए मैं आया ही नहीं. जगह फिर खाली."

दगडूबांनी मान हलवली. "भरलेली जागा रिकामी कशी व्हईल, साहेब? त्यो काय पुन्हा मरायचा हाय का?"

गंगाधर जवळ आला. आवाज न चढवता म्हणाला, "मॅडम, ह्याच्यासाठीच म्हणत व्हतो. ज्याची त्याची नाव. आसली भानगडच न्हाई." तो टोमणा नव्हता. त्यालाही वाईट वाटलं होतं.

तेवढ्यात राहीबाई दोराजवळ आली. रिकामी टोपली तिने वाळूवर पालथी ठेवली.

"साहेब उद्या दिल्लीला जाणार," ती सगळ्यांना म्हणाली. "मंग जागा कोण धरणार? धरणारा आसंल तर आत्ताच सांगा. मी आन् माज्या लेकी त्याच्या घरी जेवायला येतो."

माणसं पायाखाली बघू लागली. प्रत्येकाच्या घरी खाणारी तोंडं होती.

"न्हाई ना कुणी? मंग मी धरते."

"बाईमाणसानं दोर धरलेला न्हाई आजपातूर," दगडूबा म्हणाले.

"दिल्लीच्या माणसानं तरी कुठं धरला व्हता?"

मागे कुणीतरी हसलं. मीटिंगमध्ये बोललेला तोच माणूस असावा. या वेळी त्याचं हसणं कुणी थांबवलं नाही.

दगडूबा माझ्याकडे वळले. "तुमी शिकलेल्या हाव, ताई. तुमी सांगा."

"दोर तुमचा आहे, बा. मी काय सांगणार?"

"उद्या ओढ हाय," ते म्हणाले. "बघू." हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. साहेबांच्या वाट्याची मासळी शेवटी जाळ्याच्या वाट्यात मिसळली आणि जाळं ज्यांचं होतं त्या शेजारच्या गावाला गेली.

परत येताना गाडी परभणीच्या रस्त्याला लागली. हाताला मासळीचा वास येत होता म्हणून साहेबांनी हात खिडकीबाहेर धरले होते.

"मॅडम, किनाऱ्यावर आपण किती बोटी वाटल्या?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"लागत होत्या त्यापेक्षा जास्त."

परभणी आल्यावर त्यांनी विचारलं, "सोसायटीच्या नावावर एकच मोठं जाळं द्यायचं असेल तर अडचण काय?"

"ॲसेट वैयक्तिक हवा, असं आपलाच साचा सांगतो. सामायिक द्यायचा तर वाटणीचा नियम लेखी लागेल."

"नियम तर आज त्यांनी मला सांगितला," साहेब म्हणाले. "जो दोर धरेल त्याचा वाटा." त्यांनी परतीचं तिकीट पुढे ढकललं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळीच नदीवर पोचलो. साहेब या वेळी माझ्या छत्रीखालून हलले नाहीत. राहीबाई कासोटा घालून आली. जाळं पाण्यात पडलं, रांगा लागल्या. ती मारुतीच्या मागे जाऊन उभी राहिली. मारुतीने मागे वळून पाहिलं नाही. फक्त तिच्या हाताला दोर नीट यावा म्हणून त्याने आपला हात थोडा पुढे सरकवला. आता सगळे दगडूबा काय म्हणतात याची वाट बघत होते. ते नदीकडे बघत होते.

"ओढा," ते म्हणाले.

दोर कुठेही सैल पडला नाही.

वाटे पडले. दगडूबांनी पाठ फिरवली. गंगाधरने काठी टेकवायला सुरुवात केली. जाळ्याचा, मारुतीचा, एकेक नाव झालं. मग काठी एका वाट्यावर थांबली.

"ह्यो कुणाचा?"

"सखारामचा," दगडूबा सवयीने बोलून गेले.

राहीबाई हललीसुद्धा नाही. तिचे तळवे सोलवटले होते आणि ते तिने पदरात धरले होते. गंगाधरला पुढच्या वाट्यावर जाता आलं असतं. फायबरची नाव सगळ्यांत जास्त मागणारा तोच होता. पण त्याने काठी उचलली नाही.

"कुणाचा, बा?" त्याने पुन्हा विचारलं.

"राहीचा," दगडूबा म्हणाले.

पुढचं थोडक्यात. मदत आली ती एक मोठं ओढजाळं, बर्फाच्या पेट्या आणि मोजक्या नावा, सगळं सोसायटीच्या नावावर. वाटणीचा नियम सोसायटीने लिहून ठराव केला. त्यात 'माणूस' असा शब्द आहे. तो बाई की पुरुष, हे लिहिलेलं नाही. सगळे खूश झाले असं मी सांगणार नाही. दोन तरुण सोसायटी सोडून गेले. ते स्वतःच्या तंगूसच्या जाळ्याने वेगळे मासे धरतात आणि त्यांचं बरं चाललं आहे. कमी नावा मिळाल्याबद्दल गंगाधर मला भेटेल तेव्हा बोलून दाखवतो. राहीबाईच्या हाताला घट्टे पडले आहेत. ओढीच्या दिवशी ती दोरावर असते आणि बाजाराच्या दिवशी सोनपेठला.

शिलाई मशीनही आलं. त्याची मंजुरी आधीच झाली होती आणि ती रद्द करणं जाळं मंजूर करण्यापेक्षा अवघड निघालं. ते समाजमंदिरात ठेवलं आहे. गावातल्या मुली त्यावर शाळेच्या पिशव्या शिवतात. राहीबाई त्याला हात लावत नाही.

मेहरा साहेबांनी रिपोर्टमध्ये घडलेलं सगळं लिहिलं, स्वतःचं नावही लपवलं नाही. वरून उत्तर आलं की निरीक्षणं उपयुक्त आहेत. साचा अजून तोच आहे, एवढंच की आता त्यात सामायिक जाळ्यासाठी एक रकाना आहे.

ईशान, अनन्या, तुम्ही दोघं पुढे काय काम कराल ते मला माहीत नाही. लोकांना मदत करायचं काम धरलंत तर शिकवणारे पुष्कळ भेटतील. माझ्याकडून एवढंच घ्या. रांगेत रिकामी जागा दिसली तर लगेच जाऊन उभं राहू नका. ती कुणाची आहे, ते आधी विचारा.